मास्तरांनी वाचवलेला अर्धा मीटर

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. कपड्यांच्या कारखान्यात कापड कापणाऱ्यालाही मास्तर म्हणतात, तसले हे मास्तर. सदऱ्याच्या कापडाचे शंभर-शंभर थर एकावर एक पसरायचे, वर पुठ्ठ्याचे नमुने मांडायचे, बाही, कॉलर, पाठ, खिसा, आणि मग कापायचं मशीन फिरवायचं. मशीन काय, कुणीही फिरवील हो. खरं कसब मांडणीत. बाहीच्या बगलेत खिसा बसवायचा, एक पाठ सरळ ठेवली तर शेजारची डोक्यावर उभी करायची, म्हणजे दोघी एकमेकींत अशा घुसून बसतात की मधे बोटभर कापड वाया जात नाही. बावीस वर्षं मास्तरांनी हेच केलं. कारखान्यात सगळे म्हणायचे, मास्तरांच्या टेबलाखालच्या चिंध्यांत उंदराला लंगोट निघायचा नाही. हे ऐकलं की मास्तर वरवर डोळे वटारायचे आणि आतून फुलून जायचे.

मग कारखान्याला टाळं लागलं. सगळ्यांची तोंडं चार दिशांना झाली, आणि मास्तर घरी आले ते आठ महिने घरीच. सुरुवातीला रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून बाहेर पडायचे, चार ठिकाणी विचारायचे. सगळीकडे एकच उत्तर: आता कापायचं काम संगणक करतो, तुमचं वय किती? तिसऱ्या महिन्यानंतर सदऱ्याची इस्त्री मोडली ती मोडलीच.

आता रिकामा माणूस घरात बसला की घराला काच होतोच. पण मास्तर रिकामे बसले नाहीत, त्यांनी घरच मांडणीला घेतलं. टूथपेस्टची नळी संपली की कात्रीनं उभी चिरायची, आतून आणखी चार दिवस निघतात. साबणाच्या चिपा जुन्या मोज्यात भरून त्याचा नवा साबण. चहाची भुकटी सकाळी उकळली की वाळत घालायची, संध्याकाळी पुन्हा पातेल्यात. खोलीत दोन दिवे होते, त्यातला एक काढून कपाटात ठेवला. एका दिव्याखाली तिघांनी बसायचं, लेकीनं अभ्यास करायचा, बायकोनं शिवायचं आणि मास्तरांनी दोघींकडे बघायचं. लेक नववीत, जिभेला हाड नसलेली. एकदा म्हणाली, "बाबा, श्वास एकाआड एक घेऊ का? तेवढाच वाचेल." सगळ्यात जास्त हसले ते मास्तरच. पण ते हसणं गळ्याच्या वरचं होतं. घरात वाचवलेली प्रत्येक चिमूट म्हणजे बाहेरून न आणलेला पगार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

घर चाललं होतं बायकोच्या हातावर. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. पूर्वी त्याच कारखान्यात बटणं लावायला होती, तिथंच दोघांचं जमलं. कारखाना बंद पडला तेव्हा ती चार दिवस गप्प होती, पाचव्या दिवशी पलंगाखालचं जुनं शिलाई मशीन ओढून काढलं, तेल घातलं आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली. पँटची उंची कमी करून मिळेल, चेन बदलून मिळेल, उसवलेलं शिवून मिळेल. लोक येऊ लागले. मास्तरीणबाईंचा हात स्वच्छ, बोलणं गोड, आणि दिलेल्या दिवशी कपडा तयार. पण हे सगळं उसवलेल्याचं काम. नवा कपडा कुणी शिवायला टाकत नव्हतं.

तो टाकला औषधवाल्या बाईंनी. कोपऱ्यावर त्यांचं औषधांचं दुकान. दुकानाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्या समारंभ करणार होत्या आणि त्यासाठी त्यांनी गर्द जांभळी मखमल घेतली होती. लांब कोट हवा होता, आतून अस्तर, घोट्याच्या जरा वरपर्यंत. मास्तरीणबाई जिना चढून आल्या त्या धापा टाकतच.

"अहो, कोट! मखमलीचा! त्या म्हणाल्या, चांगला झाला तर त्यांच्या मंडळातल्या आणखी सहाजणी टाकणार आहेत."

"मग शिव की."

"शिवणार मी. पण कापायचा तुम्ही. तुम्ही घरात असताना मी कशाला कात्री धरू?"

खरं तर तिला कापता येत होतं. नमुना ती कागदावर स्वतःच आखून बसली होती. पण आठ महिने ज्या माणसानं कापडाला हात लावला नाही त्याच्या हातात तिला कात्री द्यायची होती, एवढाच त्यातला मतलब. मास्तरांना तो कळला. आणि कळल्याचं लपवायला ते उगाच ओरडले, "टेबल कुठाय? टेबल मोकळं करा!"

दिवेलागणीची वेळ होती. मखमल टेबलावर पसरली. मास्तरीणबाई म्हणाल्या, कपाटातला दिवा लावू का? मास्तर म्हणाले, "काही नको. डोळे बांधून कापीन मी." ती अस्तराचा दोरा आणायला खाली गेली, लेक मैत्रिणीकडे गेली होती, आणि मास्तर कापडाबरोबर एकटे राहिले.

इथं थोडं मखमलीबद्दल सांगायला हवं. मखमलीला लव असते. एका अंगानं हात फिरवला तर सुळकन सरकतो, उलट्या अंगानं फिरवला की अडतो. लव वर जाणारी असेल तर रंग गडद दिसतो, खाली जाणारी असेल तर फिका. म्हणून कोटाचे सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे असतात, मग कितीही कापड वाया जावो. हे काल कामाला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मास्तरांनी जन्मभर सुती कापलं होतं, सुतीला लव कुठली? पण ठाऊक त्यांनाही होतं.

त्यांनी कागदाचे तुकडे मांडले. सगळे एका दिशेनं. सगळं कापड लागत होतं, अगदी काठापर्यंत, आणि मधे मधे हातभर रुंदीच्या मोकळ्या जागा पडत होत्या. मास्तरांना त्या जागा बघवेनात. बावीस वर्षांची खोड ती! त्यांनी पाठीचा तुकडा उचलला, सहज, नुसतं बघू म्हणून, डोक्यावर उभा केला आणि तो बाह्यांच्या मधे असा जाऊन बसला की जणू तिथलाच. खाली अर्धा मीटर मखमल अख्खी उरली. मास्तरांना आठ महिन्यांत एवढा आनंद झाला नव्हता. त्यांनी पाठीच्या जागेवरून तळवा फिरवला. तळवा अडला. हात म्हणाला, मास्तर, थांबा. मास्तर म्हणाले, अरे एवढ्यातेवढ्यानं कुणाला काय दिसतंय. आणि कात्री घातली.

मास्तरीणबाई वर आल्या तेव्हा तुकडे कापून तयार होते आणि मास्तर तो अर्धा मीटर खांद्यावर टाकून उभे होते. "बघ! दुसऱ्या कुणी कापला असता तर उरला असता का?" ती हसली. इतक्या दिवसांनी नवरा नवऱ्यासारखा दिसत होता. मास्तर म्हणाले, लेकीला छानसं काहीतरी शिव यातून. पण ती म्हणाली, "छे हो, त्यांचं कापड आहे, कोटाबरोबर परत द्यायचं." मास्तर जरा हिरमुसले, पण वाद घातला नाही.

नऊ दिवस ती कोट शिवत होती. सातव्या दिवशी दुपारी खिडकीशी धरून म्हणाली, "पाठ जरा फिकी वाटते का हो?"

मास्तर बटाटे सोलत होते, साली पातळ निघाव्यात म्हणून खाली मान घालून. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. "उजेडाचा खेळ असतो तो." मास्तरांनी कापलेल्या तुकड्याची लव तपासावी, हे तिच्या मनातही आलं नाही.

तेव्हा सांगितलं असतं तरी काही बिघडलं नसतं. तो अर्धा मीटर घरातच होता, मागचा वरचा भाग बदलून कमरेशी जोड देता आला असता, काहीतरी निभावलं असतं. पण मास्तरांना स्वतःच्या तोंडानं "मी चुकलो" म्हणायचं जिवावर आलं. या घरात तेवढीच एक गोष्ट त्यांच्याकडे उरली होती, की कापडात मास्तर चुकत नाहीत.

कोट गेला. उरलेला तुकडा घडी घालून गेला. समारंभ झाला. आणि दोन दिवसांनी औषधवाल्या बाई पिशवीत कोट घेऊन जिना चढून आल्या. मास्तर तेव्हा स्वयंपाकघरात होते, मधे नुसता पडदा.

बाई वाईट नव्हत्या. पण दुखावलेलं माणूस बोलतं तेव्हा शब्द मोजून बोलत नाही. दुकानातल्या लखलखीत दिव्यांखाली एकीनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, कापड कमी पडलं का गं, पाठीला दुसरं लावलंस? मग दिवसभर त्या पाठ भिंतीला लावून उभ्या होत्या. स्वतःच्याच समारंभात! "मी तुमच्यावर विश्वास टाकला," त्या म्हणाल्या. "जमत नव्हतं तर घ्यायचंच कशाला? उसवलेलं शिवणं वेगळं, हे वेगळं."

"माझ्याच हातून झालं असणार," मास्तरीणबाईंचा आवाज आला. "इस्त्री जास्त फिरली असणार पाठीवर. लव बसली. चुकलंच माझं, बाई. शिलाई परत देते, कापडाचे पण..."

"कापडाचे नको. उरलेला तुकडासुद्धा आणून दिलात, तुम्ही प्रामाणिक आहात, म्हणून तर धड रागावताही येत नाही."

पडद्याच्या आत मास्तरांच्या एका हातात गाजर, एका हातात सुरी. एक पाऊल टाकायचं होतं. पडदा सारायचा आणि एक वाक्य बोलायचं: इस्त्री नव्हे हो बाई, कात्री. एवढंच. त्यांनी पाऊल उचललंही, आणि मग भांडी वाजतील म्हणून पुन्हा जागच्या जागी ठेवलं. बाई जिना उतरून गेल्या तोपर्यंत मास्तरांनी श्वाससुद्धा बेतानं घेतला.

मग ते बाहेर आले आणि त्यांनी जे केलं ते सांगताना मलाच लाज वाटते. त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे गं. होतं असं. माणूस आहे, चुकायचंच."

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. डोळे भरलेले आणि त्यात उपकाराची भावना! "तुम्ही एवढा जीव ओतून कापलात," ती म्हणाली, "आणि मी त्याची माती केली. आणि तरी एका शब्दानं बोलला नाहीत."

त्या दिवसापासून मास्तरांचं घरातलं वजन वाढलं. पानात भाजीचा मोठा वाटा त्यांना येऊ लागला. दुसऱ्यांदा उकळलेला चहा बायको स्वतः घ्यायची आणि नवी भुकटी मास्तरांसाठी टाकायची. लेक एकदा गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, आई सांगत होती. तुम्ही किती चांगले आहात!" मास्तरांनी तिला हळूच बाजूला केलं. घास गिळवेना. अंगाचं वजन मात्र कपड्यांतून दिसेल इतकं उतरलं, आणि त्याचंही बायकोनं स्वतःलाच दूषण दिलं.

आणि मशीन बंद. तिनं त्यावर चादर घातली. शेजारीण साधी चेन बदलायला घेऊन आली तर म्हणाली, "नको, हल्ली माझा हात बसत नाही." जिन्यावरची पाटी एक दिवस दिसेनाशी झाली. मास्तर म्हणायचे, अगं शिव की, तुझा हात चांगला आहे. पण ते असं म्हणायचे की जणू एखाद्या पडलेल्या पोराला उठवतायत, आणि त्यानं ती आणखीनच खचायची. सोन्यासारखा हात तो. तो मेला मास्तरांच्या एका वाक्यावाचून, आणि ते वाक्य मास्तर रोज सकाळी जिभेवर घेऊन उठायचे आणि रोज गिळून झोपायचे.

पंधराव्या दिवशी, शनिवारी, तिनं सांगितलं की सोमवारपासून ती एका कार्यालयात झाडलोटीला जाणार आहे. पहाटे पाचला निघायचं, चार मजले. "शिवण्यात माझं काही खरं नाही," ती म्हणाली, "हे निदान चुकणार तरी नाही." मास्तर म्हणाले, बघू. ती म्हणाली, बघायचं काय, सांगून आलेय मी.

दुपारी मास्तरांचा डोळा लागला होता. इस्त्रीच्या वासानं जाग आली. बघतात तर मास्तरीणबाई टेबलाशी उभ्या. पुढ्यात त्या जांभळ्या मखमलीच्या शिवणीतून कातरलेल्या चिंध्या, एकेक बोटभर. एकीवर टॉवेल ठेवून इस्त्री फिरवायची, उचलून बघायचं. दुसरीवर टॉवेल न ठेवता. तिसरी ओली करून. चौथीवर जोर देऊन. विजेचा हिशोब इतके महिने पाळणारी बाई, एका गोष्टीसाठी इस्त्री तापवून बसली होती.

"बघा ना," ती म्हणाली, आवाज लहान मुलीसारखा झालेला. "किती वेळ करतेय. दबते, चकाकते, पण तशी फिकी होतच नाही. मग त्याच दिवशी कशी झाली? मला नुसतं कळायला हवंय हो, माझं नेमकं काय चुकलं."

मास्तर उठले. चपला घातल्या. "आलोच," म्हणाले, आणि जिना उतरले.

आता तुम्ही म्हणाल, तिथंच का नाही सांगितलं? मास्तरांनी स्वतःला समजावलं ते असं, की आधी बाईंकडे जाऊन बायकोवरचा ठपका पुसायचा, मग तोंड वर करून घरी यायचं. ऐकायला छान वाटतं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाई गोळ्यांची पाकिटं फळीवर लावत होत्या. मास्तर काउंटरला दोन्ही हात लावून उभे राहिले आणि एका दमात बोलले. लव म्हणजे काय, पाठ उलटी का ठेवली, अर्धा मीटर कसा उरला, हात अडला होता तेही. बाईंनी पाकिटं खाली ठेवली.

"म्हणजे त्यांचं काहीच चुकलं नव्हतं?"

"एक टाकासुद्धा नाही."

"आणि मी त्यांना काय काय बोलले!" बाईंचा चेहरा लाल झाला. "अहो मास्तर, तुम्ही माणूस आहात का कोण आहात?"

हे ऐकून मास्तरांना चक्क बरं वाटलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना लायक तो शब्द दिला होता. बाहेर पडले तेव्हा पाय हलके झाले होते. घरी काय म्हणायचं याची जुळवाजुळव करायला ते लांबच्या रस्त्यानं निघाले. बागेला वळसा घातला, पुलापर्यंत गेले, परत फिरले. "अगं, तुला एक सांगायचंय" असं सुरू करावं, की "तू बस आधी" असं? तासभर त्यांनी शब्द उलटसुलट मांडून पाहिले.

दार उघडंच होतं. मास्तरीणबाई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, फोन मांडीवर. इस्त्री बंद होती.

"तू बस आधी," मास्तर घोकून आणलेलं बोलून गेले.

"बसलेयच मी." ती त्यांच्याकडे बघत नव्हती. "औषधवाल्या बाईंचा फोन होता. माफी मागत होत्या. मला आधी कळेचना, कशाची माफी."

मास्तर घाईनं म्हणाले, "मी तेच सांगायला येत होतो. आत्ता, आत्ताच..."

"त्यांना आधी का सांगितलंत?"

खोटं बोलायला पुष्कळ जागा होती. मास्तर म्हणाले, "त्यांना सांगणं सोपं होतं."

तिनं फोन बाजूला ठेवला. मग म्हणाली, "त्या नवं कापड आणणार आहेत. पुन्हा शिवा म्हणाल्या. मी हो म्हटलंय. सोमवारी कार्यालयात येत नाही म्हणून कळवलं. आणि या वेळी कापणार मी."

"हो. हो, तूच काप."

"तुम्हाला विचारत नाहीये मी." आता तिनं मान वर केली. "त्या दिवशी त्या मला बोलत होत्या, तेव्हा तुम्ही आत होतात. ऐकू येत होतं?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"जमत नव्हतं तर घ्यायचं कशाला, तेसुद्धा?"

"तेसुद्धा."

"आणि बाहेर येऊन मला म्हणालात, होतं असं." तिनं टेबलावरच्या चिंध्यांकडे बोट दाखवलं. "कोट गेला त्याचं काही नाही हो. कापड काय, कापडच आहे. पण मी तुमचे उपकार मानत होते. पंधरा दिवस. मी लेकीला सांगत होते, बाप असावा तर असा."

मास्तरांना वाटलं, आता हे ऐकवत नाही. ते दाराकडे वळले. "मी जरा खाली जाऊन येतो. तू शांत हो, मग..."

"कुठंही जायचं नाही." आवाज चढला नव्हता, पण मास्तर जागच्या जागी थबकले. "खाली नाही, आत नाही, गच्चीवर नाही. ती खुर्ची घ्या. इथं, माझ्यासमोर. मी आता रडणार आहे, आणि तुम्ही बसून ते बघायचं. समजवायचं नाही, पाणी आणून द्यायचं नाही, होतं असं म्हणायचं नाही."

मास्तरांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले.